आधी पाण्याची वाट, मग माणसांची : बौद्ध स्मृतिवन उभारताना

ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्या विहार समितीने स्मृतिवन, म्हणजे दिवंगतांच्या अस्थी जतन करण्याची बाग, करायचे ठरवले, की पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती मूर्तीच्या उंचीवर आणि सांचीसारख्या तोरणावर. ती चर्चा दोन महिने पुढे ढकला. स्मृतिवन टिकते की बिघडते, हे दोन वाटांवर ठरते : पावसाचे पाणी कुठून जाणार, आणि माणसे कुठून जाणार. या दोन रेघा नकाशावर नीट पडल्या तर स्तूप, कोनाडे, झाडे आपापल्या जागी बसतात. त्या चुकल्या तर पाचव्या वर्षी अस्थींच्या कोनाड्यात ओल शिरते, आणि जलदान विधीला (मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला) बसलेल्या कुटुंबाच्या मागून लोक सेल्फी काढत फिरतात.

नकाशा काढण्याआधी समितीने एकदा कान्हेरीच्या लेण्यांना जाऊन यावे. ही लेणी ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, येऊरचा डोंगरही त्याच उद्यानाचा भाग आहे, पण ठाण्याहून जाताना घोडबंदर रस्त्याने बोरिवलीच्या दारापर्यंत यावे लागते. सोमवारी उद्यान बंद असते. लोक क्रमांक ३चे चैत्यगृह पाहून परत फिरतात. तुम्ही क्रमांक ८७च्या बाजूला जा. डोंगराच्या कपारीखाली तिथे भिक्खूंची स्मशानभूमी होती, तिला निर्वाणवीथी म्हणतात. साठाहून अधिक विटांच्या स्तूपांचे अवशेष आणि थेरांच्या (ज्येष्ठ भिक्खूंच्या) नावांचे शिलालेख तिथे मिळाले आहेत. जागा कशी निवडली आहे ते बघा : डोक्यावर कातळाचे छत, पायाशी उतार, वरून येणारे पाणी बाहेरच्या बाहेर निघून जाते. कान्हेरीच्या लेखांमध्ये पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती टाकी कुणी दान केली हेही कोरले आहे. पाण्याची व्यवस्था हेच तिथे पुण्यकर्म होते. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात तर १४ स्तूपांचा एक गटच आहे, दिवंगत भिक्खूंच्या स्मरणार्थ कोरलेला, काहींवर नावे आहेत. तेव्हा स्मृतिवन ही बाहेरून आणलेली कल्पना नाही. या डोंगररांगांत ती दोन हजार वर्षांची आहे.

जमीन बघताना

ठाणे-नवी मुंबईत दोनच प्रकारच्या जमिनी वाट्याला येतात. पारसिकच्या किंवा येऊरच्या पायथ्याची मुरमाड, नाहीतर खाडीच्या बाजूची भरावाची. पहिली मिळाली तर नशीब समजा. दुसरीत वर मीटर-दीड मीटर मुरूम दिसतो, पण खाली खाडीची मऊ काळी चिकणमाती असते आणि ती वजनाखाली वर्षानुवर्षे दबत राहते. तीन जागी खड्डे घेऊन बघा. २ मीटरवर निळसर काळा, चिकट, वास मारणारा गाळ लागला, तर भरीव स्तूपाचा विचार सोडा.

कांदळवनापासून ५० मीटरच्या आत भराव किंवा बांधकाम करता येत नाही. जागा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येते का, हे आधी तपासा. उभे झाड तोडायचे असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि अर्ज लिहिताना शब्द जपून वापरा : तुम्ही दहन किंवा दफनाची जागा मागत नाही, दहनानंतरच्या अस्थी जतन करण्याची आणि बागेची जागा मागत आहात. ‘स्मशानभूमी’ हा शब्द अर्जात गेला की सगळी फाईल वेगळ्या टेबलावर जाते आणि शेजारच्या सोसायट्यांचे आक्षेप सुरू होतात. मिळालेले उत्तर लेखीच घ्या.

भराव करायचा असेल तर २० सेंटिमीटरचा एकेक थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून करा आणि मग एक पूर्ण पावसाळा जमीन तशीच ठेवा. हा पावसाळा वाचवण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो. उद्घाटनाची तारीख ६ डिसेंबर किंवा बुद्धपौर्णिमा ठरलेली असते. पण न बसलेल्या भरावावर बांधलेली कोनाड्यांची भिंत पहिल्याच पावसात एका टोकाला खचते, आणि भेग नेमकी कुणाच्या तरी नावाच्या पाटीतून जाते.

पाण्याची वाट

हिशेब साधा आहे. ५०० चौरस मीटर जागेवर तासाभरात १०० मिलीमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी होते. आपल्याकडे जुलैत असा तास येतोच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर झाला होता. म्हणून बागेभोवती ३० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल उघडे गटार, २०० मीटरला १ मीटर उतार, वर काढता-घालता येणारी जाळी. बंदिस्त पाईप नको : पिंपळाची पाने आणि फुलांचे हार त्यात अडकतात आणि कुठे अडकले ते कळत नाही.

खाडीच्या बाजूला एक गोष्ट हमखास विसरली जाते. गटाराचे तोंड ज्या नाल्यात उघडते, त्या नाल्यातले भरतीचे पाणी किती वर येते? साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला नाला भरून उलटा वाहतो आणि खारे पाणी बागेत येते. अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला स्वतः उभे राहून नाल्याच्या भिंतीवर खडूने खूण करा. गटाराचे तोंड त्या खुणेच्या वर ठेवा. ते जमत नसेल तर तोंडावर एकाच बाजूला उघडणारी झडप बसवा आणि मे महिन्यात तिचे बिजागर साफ करा.

स्तूप

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या अस्थींचे आठ भाग द्रोण ब्राह्मणाने वाटून दिले, स्वतः वाटपाचा कुंभ ठेवला आणि उशिरा आलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांना निखारे मिळाले, असे आहे. म्हणून स्तूप झाले दहा. त्याच सुत्तात स्तूप कुणाचा असावा हेही सांगितले आहे : तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागतांचे श्रावक आणि चक्रवर्ती राजा. आमचे मत स्पष्ट आहे : बागेत स्तूप एकच असावा, तो बुद्धाचे प्रतीक म्हणून, कुटुंबीयांच्या अस्थी कोनाड्यांत असाव्यात. देणगीच्या रकमेनुसार लहान-मोठे खासगी स्तूप उभे राहू लागले की समतेची बाग उतरंडीची होते.

३ मीटर व्यासाचा स्तूप शे-दीडशे माणसांच्या प्रदक्षिणेला पुरतो. भरीव बांधला तर अंडाचेच, म्हणजे वरच्या अर्धगोल घुमटाचेच, घनफळ ७ घनमीटर, वजन १३ टनांच्या आसपास. मुरमाड जमिनीवर चालेल. चिकणमातीवर पोकळ, फेरोसिमेंटचा (लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ थर) करा. त्याचे कवच जेमतेम १ टन भरते.

पोकळ अंडाचे काम असे. मध्यभागी लोखंडी पाईप ओळंब्यात उभा करा. त्याभोवती फिरणारा, दीड मीटर त्रिज्येचा प्लायवुडचा पाव-वर्तुळाकार साचा बसवा. हा साचा म्हणजेच स्तूपाचा आकार, तो हलला तर गोलाई गेली. ८ मिलीमीटरच्या १६ सळया जोत्यापासून माथ्यापर्यंत वाकवा, दर ३० सेंटिमीटरवर आडवी कडी बांधा. त्यावर चिकन मेशचे दोन थर, दर वीतभर अंतरावर तारेने आवळलेले. जाळी ढिली राहिली की हाताने दाबताच आत-बाहेर होते आणि माल तिथे पोकळ धरतो. बोटाने टिचकी मारून ऐका, ताणलेली जाळी वाजते. माल १ सिमेंट, २ चाळलेली वाळू, पाणी कमीत कमी. एक गवंडी आतून फळी धरतो, दुसरा बाहेरून थापीने माल दाबतो, म्हणजे जाळीच्या दोन्ही अंगांना माल बसतो. जाडी ३० मिलीमीटर. या आकाराला सिमेंटच्या ७ गोण्या आणि १५ घनफूट वाळू धरा, नासधूस जमेस धरून. माथ्यापर्यंतचा एक संपूर्ण थर एकाच दिवसात संपवा. काल-आजच्या सांध्यातूनच पुढे पाणी उतरते.

मग ओले गोणपाट पांघरून १४ दिवस पाणी मारा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत माल आकसतो आणि सगळ्या अंगभर केसासारख्या भेगा पडतात. रंगाखाली त्या वर्षभर लपतात, मग पावसाळ्यानंतर काळ्या रेघा होऊन वर येतात.

मेधी, म्हणजे खालचे गोल जोते, ६० सेंटिमीटर उंच पुरे. तिच्या मागच्या बाजूला ६० × ६० सेंटिमीटरचे काढता येणारे दगडी झाकण ठेवा : आत शिरून पाहणी करायला आणि हवा खेळायला. अंड जिथे मेधीला टेकते तिथे पाणी साचते, म्हणून त्या कोपऱ्यात गवंडी ज्याला वाटा म्हणतात ती गोलाई द्या. हर्मिका (अंडावरची चौकोनी पेटी) आणि छत्रावलीच्या (तिच्यावरच्या छत्रांच्या) यष्टीला, म्हणजे मधल्या दांड्याला, साधे लोखंड वापरू नका. खाडीच्या हवेत ते गंजते, गंज फुगतो आणि हर्मिका आतून फुटते. ३१६ प्रतीचा स्टेनलेस पाईप घ्या आणि वीज पडण्याच्या दृष्टीने त्याला तांब्याच्या पट्टीने जमिनीशी जोडा.

रंग चुन्याचा. चुना आठ-पंधरा दिवस भिजवून, कापडातून गाळून, तीन पातळ हात. प्लास्टिक पेंट पहिल्या वर्षी जास्त पांढरा दिसतो, पण आतली ओल अडवतो आणि दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटतात. पावसाळ्यानंतरचे शेवाळ काथ्याच्या ब्रशने आणि पाण्याने घासा. ॲसिड मारले तर शेवाळाबरोबर चुनाही विरघळतो.

स्तूपाच्या आत काय ठेवायचे हे भंतेंना विचारून ठरवा. नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक मिळाले : तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे, सोबत भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे. आजूबाजूला आठ कांस्यमूर्ती होत्या. तुकडे मातीचे आणि आवरण सोन्याचे, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कोनाडे

इथे सर्वांत जास्त काळजी घ्या, कारण इथे माणूस हात लावून उभा राहतो.

भिंतीची पाठ नैर्ऋत्येला, तोंड ईशान्येला. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. तोंड तिकडे केले तर कितीही चांगला छज्जा असला तरी पाणी आत जाते. छज्जा ६० सेंटिमीटर बाहेर हवा, त्याच्या खालच्या कडेला पागोळीची खाच हवी, नाहीतर पाणी छज्जाच्या पोटाखालून सरपटत भिंतीवर येते. कोनाडा आतून ३० सेंटिमीटर लांब, रुंद, उंच. तळाला बाहेरच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर उतार. कोनाडा तयार झाला की आतल्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओता : ते कुठेही न थांबता ओघळून उंबऱ्याबाहेर थेंब-थेंब पडले पाहिजे. एक थेंब जरी आत थबकला, तरी गवंड्याकडून तळ पुन्हा घासून घ्या. सर्वांत खालची ओळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर वर आणि सर्वांत वरची १५० सेंटिमीटरच्या आत ठेवा. त्याहून वर गेले तर म्हातारी आई मुलाच्या नावावर हात ठेवू शकत नाही.

विद्युत किंवा गॅसदाहिनीतून मोठ्या माणसाच्या अस्थी साधारण २ ते ३ किलो मिळतात, त्यांना ३ ते साडेतीन लिटरचे भांडे लागते. लाकडावरच्या दहनानंतर गोळा केलेल्या अस्थी बहुधा ओल्या असतात, कारण चिता पाण्याने शांत केलेली असते. तशाच कलशात भरल्या तर बुरशी धरते आणि तांब्याचा कलश आतून हिरवा पडतो. दोन दिवस सावलीत सुती कापडावर वाळवा, सुती पिशवीत घाला, मग भांड्यात. लोणच्याची असते तशी चिनी मातीची झाकणाची बरणी यासाठी फार चांगली. ना गंजते, ना घाम धरते. प्लास्टिकची पिशवी मात्र कधीच नको.

कोनाड्याचे झाकण २० मिलीमीटर जाडीच्या काळ्या ग्रॅनाइटचे. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो थरांचा चुनखडक, पावसात त्याचे पापुद्रे निघतात आणि अक्षरे सोबत जातात. झाकण सिमेंटने चिकटवू नका. दोन पितळी स्क्रूंवर बसवा, कारण पुढे जोडीदाराच्या अस्थी त्याच कोनाड्यात ठेवायच्या असतात. अक्षरे ३ मिलीमीटर खोल कोरून घ्या. नुसती रंगाने भरलेली अक्षरे चार पावसाळ्यांत पुसट होतात.

मजकूर पाच ओळींच्या आत : ‘कालकथित’ (दिवंगत), पूर्ण नाव, जन्म आणि निधनाचे साल. कोरणाऱ्याच्या संगणकावर फाँट बदलला की रफार उडतो, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, ‘श्र’चा ‘श्‌र’ होतो. म्हणून मजकूर आहे त्या मापात कागदावर छापून घ्या, कुटुंबातल्या दोघांच्या सह्या घ्या आणि मगच दगडाला हात लावू द्या. दगडावरची चूक दुरुस्त होत नाही, आणि ती रोज बघावी लागते ती त्या घरातल्या माणसांना.

नोंदवहीत प्रत्येक कोनाड्यासाठी तीन नातेवाइकांचे फोन आणि गावाकडचा पत्ता लिहा. पुनर्विकासात इमारती पडतात, लोक भाड्याने दुसरीकडे जातात, दहा वर्षांनी शहरातला पत्ता सापडत नाही; गावाकडचा सापडतो. कोनाडा ‘कायमचा’ देऊ नका. १० वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरण, आणि कुणीच आले नाही तर पूर्ण विधी करून अस्थी भिंतीच्या टोकाशी बांधलेल्या सामायिक कक्षात. ही अट पहिल्याच दिवशी वाचून दाखवा, दुःखात असलेल्या माणसाला नंतर कळवण्यासारखी ती नाही.

झाडे

बोधिवृक्ष स्तूपापासून, भिंतीपासून आणि गटारापासून किमान १५ मीटर दूर लावा. इतकी जागा नसेल तर पिंपळ लावू नका; त्याऐवजी सीताअशोक लावा. पिंपळाची मुळे जोते उचलतात, हा त्याचा दोष नाही, जागा निवडणाऱ्याचा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत उगवणारी पिंपळाची रोपे दर ऑगस्टमध्ये बोटाएवढी असतानाच मुळासकट काढा.

रोपवाटिकेत ‘अशोक’ मागितला तर सरळसोट उंच वाढणारे झाड हातात देतात. तो सीताअशोक नव्हे. सीताअशोकाची पाने जोडीने, कोवळी असताना तांबूस आणि लोंबती. फुले नारिंगी, फांदीवरच झुबक्याने येतात. त्याला सावली आणि ओलावा हवा. तसाच घोटाळा साल वृक्षाचा : ‘शालवृक्ष’ म्हणून जो विकतात तो बहुधा कैलासपती, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. फुले देखणी असतात, पण त्याची नारळाएवढी जड फळे धपकन खाली पडतात. वाटेवर किंवा बाकाजवळ तो कधीच नको. खाऱ्या वाऱ्याला उंडी आणि बकुळ उत्तम टिकतात. पांढरा चाफाही.

भरावाच्या मातीची क्षारता तपासून घ्या. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर खड्ड्यात लावू नका; ७० सेंटिमीटर उंच गोड्या मातीचा उंचवटा करून त्यावर लावा आणि दोन पावसाळे क्षार धुऊन जाऊ द्या.

अस्थींवर झाड लावायची इच्छा पुष्कळांची असते. अस्थींची राख अतिशय अल्कधर्मी असते, तिच्यात क्षारही भरपूर. सगळी खड्ड्यात ओतली तर रोपाची मुळे करपतात. आणि आईच्या नावाचे झाड महिन्याभरात वाळले तर घराला ते दुसऱ्यांदा गमावल्यासारखे होते. १ मीटर लांबी-रुंदी-खोलीच्या खड्ड्यात मूठभर, १०० ग्रॅमपर्यंत, कंपोस्टमध्ये नीट मिसळून टाका. बाकीच्या अस्थी कोनाड्यात ठेवा.

कमळासाठी तलाव खोदू नका. दोन फूट व्यासाचे टब, त्यात २० सेंटिमीटर चिकणमाती, वर वीतभर पाणी, सहा तास ऊन आणि प्रत्येक टबात सात-आठ गप्पी मासे. मासे नसतील तर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात.

माणसांची वाट

दोन वाटा करा. बाहेरची पाहुण्यांसाठी : दार, माहितीफलक, स्तूपाची प्रदक्षिणा, कमळे, परत दार. आतली कुटुंबांसाठी : बाजूच्या दाराने थेट कोनाड्यांपर्यंत. मध्ये कमरेएवढे कुंपण-झुडूप, म्हणजे दिसते पण घुसता येत नाही. कोनाड्यांसमोर अडीच मीटर मोकळी जागा आणि पंचवीस माणसे बसतील असा पत्र्याचा नव्हे, कौलारू मंडप. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की त्रिसरण-पंचशील ऐकूच येत नाही.

प्रदक्षिणेची वाट १.८ मीटर रुंद, चढ १२ मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको, व्हीलचेअर जायला हवी. फरशी खडबडीत शहाबादी. पॉलिश केलेला कोटा जुलैत घसरगुंडी होतो. चपला मेधीपाशी काढायच्या असतील तर तिथली फरशी काळी नको, एप्रिल-मे मध्ये दुपारी पाय भाजतात. फिकट दगड आणि काथ्याची चटई ठेवा. मेणबत्त्यांसाठी झाकणाचा, वाळूचा पत्र्याचा ट्रे, भिंतीपासून मीटरभर दूर. कोनाड्याच्या उंबऱ्यावर लावलेल्या मेणबत्तीची काजळी ग्रॅनाइटवर बसते आणि मेण अक्षरांत शिरते.

फलक चारच, प्रत्येकी ६० शब्दांच्या आत, मराठीत आधी : अस्थींचे आठ भाग, सोपारा, कान्हेरीची निर्वाणवीथी, आणि स्तूपाच्या भागांची नावे. सगळे फलक कोनाड्यांच्या अलीकडे संपले पाहिजेत. नावांच्या पाट्यांचे आणि विधीला बसलेल्यांचे फोटो घेऊ नयेत, ही एकच सूचना ठळक लिहा. दहा मनाई लिहिल्या तर तीच नेमकी वाचली जात नाही. शाळेची सहल ४० मुलांची असेल तर वीस-वीसच्या दोन तुकड्या करा, आणि विधीच्या वेळा शाळेला आधी कळवा. लाऊडस्पीकर आत नको, बुद्धवंदनेलाही नको. इतक्या जागेत माणसाचा आवाज पुरतो.

६ डिसेंबरला बहुतेक लोक दादरच्या चैत्यभूमीला जातात, म्हणून इथली गर्दी त्या दिवशी पहाटे आणि रात्री असते. दिवसा दार एका माणसाच्या भरवशावर ठेवले तरी चालते. पहाटे पाचला मात्र महिला मंडळातल्या चार जणी आणि पाण्याचे दोन पिंप हजर हवेत.